दोन गावं आणि तुळाआबांचा खोकला

एका जंगलात सिंह नव्हता. वाघही नव्हता. म्हणून, मुलांनो, त्या जंगलात एक सिंहपूर झालं आणि एक वाघनगर झालं.

खरं तर एकच गाव व्हायचं होतं. नरसूभाऊ कोल्हा आणि रंगराव रानडुक्कर, दोघे जिवाभावाचे मित्र. त्यांनी ओढ्याकाठी जागा पाहिली, नारळ आणला. मग नारळ कोणी फोडायचा यावर बोलणं झालं. नारळ तसाच राहिला. रंगराव ओढ्यापलीकडे गेला आणि त्याने दुसरा नारळ आणला.

गाव वसवायला आधी काय लागतं? तुम्ही म्हणाल, घरं. तुम्ही लहान आहात. आधी लागते कमान. 'सिंहपूर नगरी आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' कमानीच्या अलीकडे माळ होता, पलीकडेही माळच होता. चार दिवसांत वाघनगरची कमान उभी राहिली, ती हातभर जास्त उंच. मग सिंहपूरने आपल्या कमानीवर कळस चढवला. मग दोन्हीकडे वाढदिवसाचे फलक लागले, इकडे नरसूभाऊचे, तिकडे रंगरावाचे. त्या फलकांच्या सावलीला ससे राहायला आले. अशी वस्ती झाली.

आता ओढ्याच्या मधोमध एक लहानसं बेट होतं. बेटावर एक भोकरीचं झाड, आणि झाडाखाली तुळाआबा नावाच्या म्हाताऱ्या साळिंदराचं बीळ. दोन्ही गावांच्या आधीपासून आबा तिथे होते. त्यांची बायको सारजा गेली, तिला त्यांनी त्याच भोकरीखाली ठेवलं होतं. आबा सकाळी उठत, दोन मुळं उकरत, सारजेच्या जागेवरचा पाचोळा बाजूला करत आणि खोकत बसत. बेटावर ओल फार. खोकला जुना होता. कोणी विचारायला येत नव्हतं आणि आबांना त्याची सवय झाली होती.

एके दिवशी जिल्ह्याहून हत्तीसाहेब आले. दोन्ही कमानी त्यांना लहान पडल्या, म्हणून ते ओढ्यातच उभे राहिले.

"या दोनांतलं एक गाव तालुक्याचं होणार," साहेब म्हणाले. "पण मला रुजलेलं गाव पाहिजे. कमानी काय, कोणीही बांधतं. जिथे कोणीतरी मरेपर्यंत राहिलं, ते गाव. बाकी सगळे तळ. ज्यांचं स्मशान आधी वापरात येईल, त्यांचा तालुका. उद्घाटनाला मी स्वतः येईन."

साहेब गेले. दोन्ही गावांनी लगेच स्मशानशेड बांधली. ठेकेदार एकच माकड होतं, त्यामुळे पत्राही एकाच जातीचा लागला. शेडमध्ये सिमेंटचा बाक टाकला. बाकावर रंगवलं, 'कै. . . . . यांच्या स्मरणार्थ'. मधली जागा मोकळी ठेवली.

आता अडचण अशी, की गावं नवी आणि राहणारे तरुण. ससे तर जन्म देण्यातच इतके गुंतलेले, की दुसऱ्या कुठल्या कामाला त्यांना सवड नव्हती.

तेव्हा दोन्ही गावांना एकाच सकाळी बेटावरचा खोकला ऐकू आला.

नरसूभाऊ आधी पोहोचला. बरोबर रताळी होती.

"आबा, खोकला कसा आहे?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे? वाढलाय का कमी झालाय?"

"आहे तसाच आहे."

"हरकत नाही," नरसूभाऊ म्हणाला. "घाई नाही काही."

तो गेला आणि रंगराव आला. त्याने सुरण आणला होता आणि अंथरायला वाळलेलं गवत.

"आबा, तुम्ही आमचे. त्या कोल्ह्याचं काही खाऊ नका. तो मतलबी आहे."

"रताळी चांगली होती," आबा म्हणाले.

"तुम्ही भोळे आहात, आबा. आमच्याकडे राहायला या. शेवटचे दिवस माणसांत काढावेत."

रोज दोघेही येऊ लागले. कोणी मध आणला, कोणी अडुळशाचा काढा. रंगरावाची बायको आबांच्या पाठीला शेक द्यायला बसली. साळिंदराच्या पाठीला शेक द्यायचा म्हणजे गंमत नाही, पण तालुक्यासाठी तिने तेही केलं. आबांना ठाऊक होतं, हे सगळं कशासाठी चाललंय. ते म्हातारे होते, बहिरे नव्हते. पण सकाळ झाली की ते बिळाच्या तोंडाशी येऊन बसत आणि दोन्ही वाटांकडे बघत.

आणि मग व्हायला नको तेच झालं. कोरडं गवत, गरम काढा आणि पोटभर खाणं. आबांचा खोकला थांबला. काटे चकाकायला लागले.

"हे बरं नाही केलं तुम्ही," नरसूभाऊ हळूच म्हणाला.

"माझ्याकडून झालं खरं," आबा म्हणाले.

एकदा रंगराव त्यांना वाघनगर दाखवायला घेऊन गेला. शेडमध्ये आणून उभं केलं. बाकावरची मोकळी जागा आता भरली होती. 'कै. तुळाआबा यांच्या स्मरणार्थ.'

"हात लावू नका," रंगराव म्हणाला. "रंग ओला आहे."

आबांनी नाव वाचलं. "अक्षर देखणं काढलंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "रंगराव, एक मागतो. मी गेल्यावर मला सारजेजवळ ठेवा. भोकरीखाली. तुमची शेड चांगली आहे, पण सारजा तिथे एकटी आहे."

"आबा, भोकरीखाली कुठे शेड आहे? ते मोजणीत धरत नाहीत."

हीच विनंती आबांनी नरसूभाऊलाही केली. त्याने डोळे पुसले आणि आपला बाक दाखवला. त्याच्यावरही आबांचंच नाव होतं, आणि भोवती वेलबुट्टी जास्त होती.

शेवटी दोन्ही गावांची बैठक झाली. नारळानंतर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. बेटावरून पूल न्यायचा, भोकर तोडायची, बीळ बुजवायचं. म्हणजे म्हातारा कुठल्या तरी एका गावात येईलच. मग ज्याचं त्याचं नशीब.

"पुनवेपर्यंत ठरवा," दोघांनी आबांना सांगितलं. "तुमच्यावर जबरदस्ती नाही. दोन्ही गावं तुमचीच आहेत."

त्या दिवसापासून आबांनी रताळ्याला तोंड लावलं नाही. ते भोकरीच्या बुंध्याला टेकून बसले. "सारजे," ते म्हणाले, "पाहुणे फार झालेत बघ आपल्याकडे."

इकडे नरसूभाऊच्या मनात एक शंका शिरली. म्हाताऱ्याला वाघनगरची शेडच आवडली तर? तिचा पत्रा जाड असेल तर? भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, तो ओढा ओलांडून गेला आणि रंगरावाच्या शेडवर चढला. पत्रा जाड आहे की पातळ, हे बघायला त्याने त्यावर एक उडी मारली.

पत्रा पातळ होता.

नरसूभाऊ खाली चितेच्या ओट्यावर पडला, तो पुन्हा उठलाच नाही.

वाघनगरला आधी फार वाईट वाटलं, मग फार आनंद झाला. मग दोन्ही एकदम दाखवायचे म्हणून ताशे लावले. रंगरावाने भाषण केलं. "नरसूभाऊ हे वाघनगरचे सच्चे सुपुत्र. शेवटचा श्वास घ्यायला ते आपल्या मातीत आले." सिंहपूरचे लोक प्रेत मागायला आले. त्यांना सांगितलं, उद्घाटन झाल्यावर न्या. हत्तीसाहेब आले, त्यांनी फीत कापली. तालुका वाघनगरला मिळाला. बाकावरचं आबांचं नाव खरवडून तिथे नरसूभाऊचं घातलं.

या गडबडीत नरसूभाऊजवळ बसायला कोणी नव्हतं. तुळाआबा ओढ्यातून चालत आले आणि त्याच्या उशाशी बसले.

"तुम्ही का आलात, आबा?" एका सशाने विचारलं. "हा तर तुमच्या मरणावर टपला होता."

"होता," आबा म्हणाले. "पण रोज सकाळी खोकला कसा आहे म्हणून विचारत होता. कशासाठी का होईना, विचारत होता."

पूल झाला नाही. तालुक्याच्या गावाला आता सिंहपूरशी जोडून घ्यायचं नव्हतं. भोकर राहिली, बीळ राहिलं. आबांकडे गावांतलं कोणी येईनासं झालं. गवत ओलं झालं आणि पावसाळ्याच्या तोंडावर खोकला परत आला.

सिंहपूरने रागाच्या भरात आपला बाक ओढ्यात लोटला. पहिल्या पुराने तो बेटाला लागला. आबांनी तो ढकलत ढकलत भोकरीखाली आणला, सारजेच्या शेजारी. आता ते त्याच्यावरच बसतात.

येणारा-जाणारा बाकावरचं नाव वाचतो आणि त्या म्हाताऱ्या साळिंदराला विचारतो, "हे तुळाआबा कधी हो गेले?"

"जायचेत अजून," आबा सरकून जागा करतात. "बसा थोडं."

तात्पर्य : गाव मोठं करायचं असेल तर म्हाताऱ्यांची विचारपूस करू नये. ती खोटी असली तरी त्यांना लागू पडते, आणि मग गावासाठी पुढाऱ्याला स्वतः मरावं लागतं.