उत्तमकाकांचा टेकू

उत्तमकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, पाचरी असतात. लाकडाच्या, रबराच्या, पुठ्ठ्याच्या, आणि एक खास शिशाची, जी ते सहसा कोणाला दाखवत नाहीत. जगातली कुठलीही वस्तू हलताना दिसली की काकांचा हात आधी खिशात जातो आणि मग तोंडातून प्रश्न येतो, "हलून काहून राह्यलं ते?"

हॉटेलात टेबल हलत असेल तर ते चहाला हात लावत नाहीत. एकदा दाखला काढायला एका कार्यालयात गेले होते. साहेब सही करायला वाकले आणि टेबल डुगडुगलं. काका थेट टेबलाखाली शिरले. साहेबांनी घाबरून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. खालून आवाज आला, "करा आता सही. सरळ येते." भावकीतल्या एका लग्नात नवरदेवाची खुर्ची हलत होती, तर काका फोटो चालू असताना स्टेजवर गेले. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या साडीशेजारी काकांची पाठ आहे.

यवतमाळच्या बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती म्हणून त्यांनी तिकिटाची घडी करून फटीत बसवली. पुढे तपासनीस चढला. तिकीट मागितलं. काकांनी काचेकडे बोट दाखवलं.

"तिथं हाय. काढता तर काढा, पण मंग दारव्ह्यापर्यंत काच तुमी धरून बसा."

तपासनिसाने वाकून, मान वाकडी करून, तिकीट जागच्या जागी वाचलं.

काका पोलिसांच्या शस्त्रागारात आयुष्यभर हत्यारं दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर दिग्रसला आले आणि एका बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या गोदामात त्यांनी नेमबाजीचा क्लब काढला. हवेच्या दाबावर चालणारी पिस्तुलं, दहा मीटरवर कागदी निशाण, आणि छतात कबुतरं. रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर स्वतः नेम मारून दाखवायची त्यांना भारी हौस. बंदुकीचं तोंड चुकूनही माणसाकडे वळलं की काका ओरडायचे, "पाव्हण्याचं तोंड भिताडाकडे!" हत्यार त्यांच्या लेखी पाव्हणा होतं. त्याला नीट बसवायचं, पुसायचं, आणि त्याच्या भरवशावर घर सोडायचं नाही.

मी तिथे नेम शिकायला गेले नव्हते. क्लबचे सगळे फॉर्म इंग्रजीत असत आणि काकांचं इंग्रजीशी जमत नसे. त्यांनी माझ्या बाबांना विचारलं, "तुमची पोरगी इंग्रजी शाळेत शिकली ना? द्या पाठवून." मी गेले, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि खाली मान घालून डाव्या हाताने फॉर्म भरू लागले. उजवा हात ओढणीखाली होता. तो नेहमीच ओढणीखाली असायचा.

सात वर्षांची असताना मी झोक्यावरून पडले. मनगट मोडलं आणि नीट बसलं नाही. ते वजन घेत नाही, शेवटची दोन बोटं मिटत नाहीत. आमच्या घरी याबद्दल कोणी काही बोलत नाही. आईने माझे सगळे कुर्ते लांब बाह्यांचे शिवले, एवढंच. शाळेत, कॉलेजात मी इतकी सफाईने डावखुरी झाले की बऱ्याच मैत्रिणींना काही कळलंच नाही. आणि ज्यांना कळायची शक्यता होती त्यांच्याशी मी मैत्री केली नाही.

काकांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाले येजो. फॉर्म लय हायेत."

दुसऱ्या दिवशी गेले तर एकही फॉर्म नव्हता. टेबलावर स्टीलची पट्टी आणि पुठ्ठा होता.

"हात दाव."

मी डावा पुढे केला.

"हा तर कामालेच हाय दिवसभर. दुसरा दाव."

मी का दाखवला, मला माहीत नाही. गोदामात दुसरं कोणी नव्हतं आणि काका माझ्याकडे पाहत नव्हते, हे एक कारण असावं. ते फक्त हाताकडे पाहत होते, एखादं जुनं पिस्तूल दुरुस्तीला आल्यासारखं. त्यांनी मनगट वर-खाली करून पाहिलं, बोटं एकेक दाबून पाहिली. डॉक्टर सोडले तर तो हात पाहून "अरेरे" न म्हणणारा हा पहिलाच माणूस.

"इथून हलते," ते म्हणाले. "कोपरापासून इथपर्यंत पक्का हाय. मंग मनगटाले कायले त्रास द्याचा? वजन सरळ ह्याच्यावर घेऊ." आणि त्यांनी माझ्या कोपराखालच्या हातावर टिचकी मारली.

"काका, मी डाव्या हाताने शिकते ना."

"शिक ना. पण ह्याले कोणी आजवर काम देल्लं का?"

मी हात तसाच त्यांच्यापुढे ठेवला.

त्यानंतर जे तयार झालं त्याला काका टेकू म्हणायचे. पिस्तुलाच्या मागे बसणारा, तिथून मागे येऊन कोपराखालच्या हाताला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, वरून पट्ट्याने बांधायचा एक साचा. म्हणजे वजन मनगटावर न पडता पूर्ण हातावर पडतं. जुन्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी, चपलेच्या तळव्याचं रबर, दप्तराचा चिकटपट्टा आणि चांभाराकडून आणलेलं मऊ चामडं, एवढं सामान. क्लबमधलं सगळ्यात मोठं, लांब नळीचं पिस्तूल त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी निवडलं. "लहान पिस्तुलात काय मजा? टेकू देल्ला तर घराले देऊ, झोपडीले कायले?"

पहिला टेकू हाताला काचला. दुसरा सैल झाला. तिसरा ऐन वेळी निसटला, छर्रा छताच्या पत्र्याला लागला आणि सगळी कबुतरं फडफडत बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. काकांनी वर पाहिलं.

"जाऊ दे. त्यायले बी कळलं पाह्यजे, इथं प्रॅक्टिस चालू हाय."

सातवा टेकू बसला. मी उजवा हात सरळ पुढे केला आणि तो तिथेच राहिला. दुसरं काहीच घडलं नाही. हात फक्त तिथे राहिला. माझ्या वयाच्या माणसाने यासाठी रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी नाकात धूळ गेल्याचं सांगितलं. काका लगेच झाडू आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मी रोज सकाळी जायचे, संध्याकाळी कधीच नाही. संध्याकाळी बाकीचे सगळे असत. काका म्हणायचे, "मले बी सकाळीच जमते."

एका सकाळी ते रागाने लाल होते. पिस्तुलाला लावलेला टेकू डिंक वाळायला ठेवला होता, तर आदल्या संध्याकाळी एका कापूस व्यापाऱ्याच्या जावयाने तो उचलला आणि मागची बाजू सरळ खांद्याला लावून दोन्ही हातांनी नेम धरला. सगळ्यांना जावईबापू म्हणूनच ते माहीत आहेत, सासऱ्यांच्या जिनिंगमध्ये बसतात.

"म्या म्हटलं, खाली ठेवा! हे हाताचं हाय. खांद्याले लावलं का ते बंदूक झालं, मंग त्याले पिस्तूल म्हनाचं कायले? तर म्हणते कसा, काका, दोन्हीनं निंघते तर छर्राच ना!"

"मग?"

"मंग काय. रुसून गेला. जावईच हाय, रुसनारच."

हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्याचा नेमबाजी मेळावा होता. क्लबमधल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरले. शेवटी काकांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी माझं नाव लिहिलं. नेम धरणाऱ्या अनोळखी मुलींमध्ये, लांब बाहीच्या आत बांधलेला टेकू कोणाला दिसणार नाही, असं मी मनाला समजावलं होतं.

तो लगेच दिसला. मेळाव्याच्या पंचांनी पिस्तूल तपासायला घेतलं आणि मान हलवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, सर्वसाधारण गटात हाताला कुठलाही आधार चालत नाही. अपंगांचा वेगळा गट आहे, त्यात चालेल. त्यासाठी दुसरा फॉर्म भरा, काय झालंय ते लिहा आणि समोरच्या टेबलावर तपासणाऱ्या तिघांना हात दाखवा.

समोरच्या टेबलापुढे रांग होती. आमच्या क्लबचे सगळे तिथेच आजूबाजूला होते. जावईबापूही होते.

मला वाटलं, काका आता पंचांशी भांडतील. टेबलाखाली शिरलेला माणूस तो. पण त्यांनी फॉर्म हातात घेतला, घडी पडलेला कोपरा सरळ केला आणि मला दिला.

"बस चारले बी हाय अन् सहाले बी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "चारच्यानं गेलो तरी काई बिघडत नाई. तू ठरव, बेटा. मी भायेर हाओ."

आणि खरंच बाहेर गेले. पाच महिने मला 'खांदा खाली, श्वास अर्धा, बोट हळू' असं सांगणारा माणूस, त्याने नेमकं तेव्हा काहीच सांगितलं नाही.

लोकांचे किती फॉर्म मी भरले असतील. कोणाचं उत्पन्न, कोणाची जात, कोणाचं दुखणं, सगळं मी न अडखळता लिहिलं होतं. आता एका रकान्यापुढे माझं पेन थांबलं. घरी कोणी न उच्चारलेला शब्द तिथे छापलेलाच होता, मला फक्त खूण करायची होती. बाहेर चारची बस लागल्याचं कोणीतरी ओरडत होतं.

मी खूण केली. रांगेत उभी राहिले. बाही कोपरापर्यंत वर केली.

तिघांनी हात पाहिला, एकाने "ठीक आहे" म्हटलं आणि शिक्का मारला. इतकंच. ज्या गोष्टीला मी सतरा वर्षं भ्याले तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आमच्या गटात सहा जण होते, मी चौथी आले. काकांनी सहाच्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, "जिल्ह्यात चौथी हाय." किती जणांत, हे त्याने विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच संध्याकाळी क्लबमध्ये गेले. सगळे होते. मी टेबलावरून टेकू उचलला, तसे जावईबापू पुढे आले. त्यांनी टेकूकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग काकांकडे.

"थांबा थांबा. काल वाटलं, तुमी ताईले उसनं देल्लं. पण काका, हे तुमचं होतं ना?"

काका छर्रे मोजू लागले.

"ताई, ह्यायनं आमाले सांगतलं का टेकू माह्या स्वतःचा हाय. मनगट गेलं म्हणे म्हातारपणी. रोज संध्याकाळी हाताले क्रेप बँडेज बांधून बसत होते!"

"कोणी विचारलं का कोणाचं हाय, तर काईतरी सांगा लागते," काका म्हणाले.

"म्हणजे तुमच्या हाताले काई झालं नाई?"

"माह्या हाताले काय धाड भरली?"

"अन् पाच महिने आमी तुमचं पिस्तूल उचलून देऊन राह्यलो ते?"

"तुमचा व्यायाम झाला. पोट कमी दिसते."

सगळे हसले. जावईबापूंना मात्र हसू येईना. ते मला बाजूला घेऊन ओशाळून म्हणाले, "ताई, काकांचा हात गेला म्हणून आमी मागच्या महिन्यात दुसरा शिकवणारा पाहाचं ठरवलं होतं. ह्यायच्यासमोरच बोललो. हे म्हणले, पाहा ना, चांगला पाहा. एक शब्द बोलला नाई हो माणूस."

ज्या माणसाला हॉटेलातलं टेबल हललेलं खपत नाही, त्याने माझा हात झाकलेला राहावा म्हणून आपला हात गेला असं गावाला मानू दिलं होतं. नेम दाखवायची इतकी हौस असलेले काका पाच महिने धडधाकट मनगटाला पट्टी गुंडाळून खुर्चीवर बसून राहिले, आणि सकाळी मला म्हणत राहिले, मले सकाळीच जमते.

आम्हाला शाळेत प्रत्येक गोष्टीला थँक यू म्हणायला शिकवलं होतं. शिपायाने खडू दिला तरी. तो शब्द माझ्या तोंडी इतका बसलेला आहे की बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी निघतो. त्या संध्याकाळी तो आला नाही. मी काकांच्या खुर्चीसमोर गेले. टेकूचा पट्टा मी केव्हाच एकटीने, दातात धरून बांधायला शिकले होते. तरी सगळ्यांसमोर उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "काका, पट्टा बांधून द्या ना."

ते वर न पाहता बांधू लागले. पट्टा फार घट्ट झाला. हात काचत होता. मी तो तसाच राहू दिला.