पायताणं ओळखणारे अण्णा

दगडूअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. शेवगावात मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं राहिलो. पण मी नवी मिशी ठेवली तेव्हा गावभर हशा झाला आणि अण्णांना तिचा पत्ताच नव्हता. चपलेला नवा अंगठा लावला, तर मात्र सकाळी दारातूनच विचारत, "मास्तर, कुठं टाकून घेतला? वादी पातळ दिलीया."

"तोंड बदलतं मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पाय बदलत न्हाई."

अण्णांचा धंदा म्हणजे जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतींवर लोकांचे पैसे लावून घेणं. मुंबईत अशा माणसाला बुकी म्हणतात. अण्णांकडे बुक नव्हतं, शाळेतली दगडी पाटी होती. पाटीवर माणसांची नावंही नसत. "नाव कुनीबी खोटं सांगतं. पायताण कोन खोटं घालून येतंय?" म्हणून पाटीवर अशा ओळी असत : 'टायरची, डावी टाच झिजलेली, तांबडा, दोन'. यातला तांबडा म्हणजे घोडा आणि दोन म्हणजे रुपये. हवालदाराने पाटी धरली तरी त्याला चांभाराच्या दुकानाची यादी हाती लागल्यासारखं वाटावं, ही त्यातली दुसरी सोय.

मी गणिताचा शिक्षक. बाहत्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि तिसगावच्या बाजूला पौषात जत्रा भरली. रविवार होता, म्हणून मी अण्णांबरोबर गेलो. विद्यार्थ्यांना जुगाराचे तोटे सांगता यावेत हा हेतू. तो हेतू अकरा वाजेपर्यंत टिकला. मग मी पांढऱ्या घोडीवर दोन रुपये लावले. अण्णांनी माझ्या पायाकडे बघून पाटीवर लिहिलं, 'मास्तरी, पॉलिश एकाच पायाला'.

दुपारी आभाळ भरून आलं आणि पावसाळाभर न पडलेला पाऊस त्या माळावर एकदम कोसळला. पैसे लावून घेणारे बाकीचे दोघे गाशा गुंडाळून देवळात पळाले. अण्णा पोत्यावर बसूनच राहिले.

"लोकांनी पैसं लावल्यात. उठून गेलो तर पळाला म्हनतील. तुमी फकस्त छत्री धरा. मी भिजलो तर चालंल, पाटी भिजू देऊ नका."

इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. घोडे सुटले. चिखल उडवत पांढरी पुढे आली. आणि शेवटच्या वळणावर, मुलं वर्गात जोरात बोलली तरी छड्या मारणारा मी, छत्री तलवारीसारखी फिरवत "हाण! हाण!" असं ओरडत उभा होतो. पांढरी शेवटून दुसरी आली. तांबडा जिंकला. मी खाली बघितलं तर पाटी इतकी स्वच्छ होती, की शाळा तपासणीच्या दिवशीसुद्धा आमच्या वर्गात तशी सापडली नसती.

भोवती गर्दी जमली. "अण्णा, बुडिवता का काय आता?" कुणीतरी ओरडलं. पंचवीस वर्षांत अण्णांनी कुणाचा पैसा बुडवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आता ते नाव माझ्या दोन रुपयांच्या घोडीने चिखलात घातलं होतं. मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

अण्णांनी पाटी पालथी घातली. "पाटी धुतली. डोकं न्हाई धुतलं. तांबड्याचे सतरा जन हैत. रांगेत या."

पण एक अडचण होती. काळ्या मातीच्या चिखलात चपला रुतत होत्या, म्हणून सगळ्यांनी त्या हातात घेतल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले सगळे पाय एकाच आईचे दिसत होते.

"पायताणं घाला पायात!" अण्णा गरजले.

मग त्या पावसात मोठी माणसं एका पायावर नाचत चपला चढवू लागली. अण्णा मान खाली घालून एकेकाला निकालात काढत होते. "तुजा अंगठा सुतळीनं बांधलेला. दोन लावलं, हे घे सहा." "तू व्हय? नाल ठोकलेली. पाच. पंधरा घे." एकाच्या पायाशी ते थांबले. "ही चप्पल तुजी न्हाई. टाच बाहीर येतीया बघ. ज्याची हाय त्येला दे, न्हायतर त्यो अनवानी घरी जाईल." गर्दी खो खो हसली. तो गडी मागल्या मागे नाहीसा झाला आणि खरा मालक पुढे आला.

सतरा माणसं झाली. मी मोजत होतो. गणिताच्या शिक्षकाला तेवढं तरी जमावं. मग अठरावा आला. अनवाणी.

"माझी चिखलात गेली, अण्णा. तांबड्यावर तीन हुते."

सरळ थाप होती. अण्णा त्याच्या पायाकडे बघत राहिले. मग तांब्यातलं प्यायचं पाणी त्यांनी त्याच्या उजव्या पायावर ओतलं आणि स्वतःच्या धोतराच्या सोग्याने चिखल पुसला. पायाला करंगळी नव्हती.

आणि अण्णांनी मान वर केली. सहा वर्षांत मी त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघताना पहिल्यांदा बघत होतो. पांढऱ्या मिशांचा, साठीचा म्हातारा होता. तोच घाबरला.

"कुठलं गाव?"

"राजूरकडचा हाय."

"बोट कशानं गेलं?"

"कुऱ्हाड लागली."

अण्णांनी मान पुन्हा खाली घातली आणि नऊ रुपये त्याच्या हातावर ठेवले.

मी कानाशी लागलो. "अण्णा, हा अठरावा आहे. यानं लावलेच नव्हते."

"छत्री नीट धरा, मास्तर," अण्णा म्हणाले. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. शेवगाव जवळ आल्यावर आपणच बोलले. "आमचा धाकटा भाऊ, इष्नू. विशीत हुता. माज्याच हातातलं घोडं बुजलं, त्याच्या उजव्या पायावरून गेलं. करंगळी गेली. वर मीच त्येला बोललो, मधी कशाला आलास म्हनून. त्यो त्या रातीच घर सोडून गेला. एकोनीस वर्सं झाली." मग म्हणाले, "शर्यतीचा लई नाद त्येला. कुठंबी घोडी पळाली तरी यील. तोंड आता बदललं आसंल."

पाटीबद्दल माफी मागायची ठरवली होती, ती राहूनच गेली. उतरताना त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. "मास्तर, डावी चप्पल तुमची न्हाई."

खरंच नव्हती.

पुढे माझी बदली झाली. पण जत्रेत, बाजारात, एस.टी. स्टँडवर मी खाली बघून चालतो. त्यापायी दोनदा सायकलवर आदळलो, एकदा आमच्या हेडमास्तरांच्या पोटावर. उजव्या पायाला करंगळी नसलेला दुसरा माणूस अजून दिसलेला नाही.