निळ्या नळकांड्यांची निर्यात

"आज स्तूरेरावांचं तोंड कायमचं बंद! तेही पुराव्यानिशी!" मिडसमरच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला इर्मेलीने सकाळीच गावभर जाहीर करून टाकलं.

स्तूरे म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, वाप्पुचा नवरा. इर्मेलीचं गाव तोर्निओ नदीच्या अलीकडे, फिनलंडमध्ये; तो राहायचा पलीकडे, म्हणजे थेट स्वीडनमध्ये. घसा ताणून हाक मारली तर परदेशात ऐकू जाते, अशी ती नदी! गावातली कागद गिरणी बंद पडल्यापासून तो दर जेवणाला एकच पालुपद लावायचा, "फिनलंडचा कागद संपला हो ताई!" उभा जन्म त्या गिरणीत काढलेल्या इर्मेलीच्या घशाखाली मग माशाचं सूपसुद्धा उतरायचं नाही.

म्हणून तिने गिरणीतली पुठ्ठ्याची मोठाली रिकामी नळकांडी आणली, रंगवली आणि नदीच्या उतारावर उभी केली. निळी फिनलंडची, पिवळी स्वीडनची. प्रत्येक दशकाची एक जोडी. ज्याची कागद-पुठ्ठ्याची निर्यात जास्त, त्याचं नळकांडं उंच. निळ्यांचा मान मोठा, म्हणून त्यांची रांग पुढे, अगदी नदीच्या बाजूला. पहिल्यापासून शेवटपर्यंत निळं पिवळ्याला वरून खाली बघत होतं, सासऱ्याने नव्या जावयाकडे बघावं तसं!

स्तूरे आला. चष्मा पुसून त्याने सगळी रांग पाहिली.

"छान! पण ताई, हे दोन हजार सालापर्यंतच आलं. पुढचं कुठाय?"

"जागा संपली!"

"एवढा काठ मोकळा पडलाय की!"

"मग रंग संपला! तुम्हाला काय करायचंय?"

लोक हसायला लागले. स्तूरे पूल ओलांडून घरी गेला आणि गाडीच्या टपावर बांधून भलंमोठं पिवळं नळकांडं घेऊन आला. रांगेच्या टोकाला उभं करून म्हणाला, "ही अलीकडची वर्षं. आता तुमचं लावा शेजारी!"

इर्मेलीचं डोकं फिरलं. तिने बाकावर चढून शेवटच्या निळ्या नळकांड्यावर आणखी एक निळं चढवलं.

"ताई, ही लबाडी झाली!"

"ही जिद्द झाली!"

जिद्द डुलली. डावीकडे, उजवीकडे, आणि धाडकन शेजारच्या दशकावर! ते पुढच्यावर, ते त्याच्या पुढच्यावर. बघता बघता फिनलंडची सगळी दशकं गडगडत उतारावरून नदीत! मागची बुटकी पिवळी जागची हलली नाहीत. स्तूरे तर आपल्या नळकांड्याला मिठी मारून उभा.

लोक काठाकडे धावले.

"संपली बरं का फिनलंडची निर्यात!" स्तूरे म्हणाला.

इर्मेली बाकावरून उतरलीच नाही. कमरेवर हात ठेवून गरजली, "संपली? डोळे उघडा, स्तूरेराव! सगळा माल तुमच्याच देशाकडे निघालाय! निर्यात आणखी कशाला म्हणतात?"

गावाने असा जल्लोष केला की नदीवरची बदकं उडाली. कुणी टोप्या उडवल्या, कुणी इर्मेलीला बाकासकट उचललं. गिरणी बंद झाल्यापासून गावाची मान एवढी ताठ कधी झाली नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून वाप्पुचा आवाज आला, "ताईऽऽ! हा तुझा भिजका पुठ्ठा आमच्या धक्क्याला येऊन चिकटलाय! आत्ताच्या आत्ता उचलून ने!"

थोड्या वेळाने स्तूरे धक्क्यावरचा पुठ्ठा होडीत भरून फिनलंडकडे वल्हवत होता. समोर गुडघाभर निळ्या लगद्यात इर्मेली बसली होती, ताठ मानेने.

"ताई, या परत येणाऱ्या मालाला काय म्हणायचं?"

"काही म्हणायचं नाही," इर्मेली म्हणाली. "मुकाट वल्हवा. आणि या लगद्याकडे बघू नका, आपण आयात मोजत नाही!"