कांबळे सिस्टर पत्ते मोजतात

कांबळे सिस्टर आमच्याकडे जेवायला आल्या की आधी टेबलावरचे चमचे मोजतात. जेवण झाल्यावर पुन्हा मोजतात. मधल्या वेळात त्या वरणभाताचं कौतुक करतात, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करतात, पण डोळा चमच्यांवर असतो.

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी पनीरच्या तुकड्यांना टूथपिक टोचून ठेवल्या होत्या. पाहुणे निघायला लागले आणि सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "चाळीस गेल्या होत्या. एकोणचाळीस आल्यात. कुणी हलायचं नाही." पंधरा मिनिटं अख्खी पार्टी जमिनीवर रांगत होती. शेवटी चाळिसावी टूथपिक दुसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांच्या तोंडात सापडली. ते तिने दात कोरत होते. "काउंट करेक्ट," सिस्टर म्हणाल्या आणि दार सोडलं.

आम्ही घाटकोपरला एकाच मजल्यावर राहतो. त्या एकट्याच. एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून एकतीस वर्षं काढली. पेशंटच्या पोटात रक्त टिपायला जी कापडं घालतात, त्यांना मॉप म्हणतात. आत किती गेली, बाहेर किती आली, हे मोजायचं त्यांचं काम. सिस्टर 'बरोबर' म्हणेपर्यंत सर्जनने टाके घालायचे नाहीत असा नियम. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, मग चमचे आले.

गेल्या वर्षी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहून त्या माझ्याकडे तणतणत आल्या. "काय गं, कसिनोत पत्ते मोजून लोक जिंकतात म्हणे. खरं आहे?"

"असेल."

"म्हणजे मोजायचे पैसे मिळतात? आणि मी एकतीस वर्षं डॉक्टरांच्या शिव्या खात मोजत बसले!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्त्यांचे सहा कॅट आणले आणि मला डीलर नेमलं. ब्लॅकजॅक हा खेळ तसा सोपा आहे. आपल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. सगळे कॅट पिसून ज्या पेटीत भरतात, तिच्यातले छोटे पत्ते निघून गेले की मागे मोठे उरतात आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचे असतात. म्हणून काय निघून गेलं ते मोजत राहायचं. पण कसं मोजायचं, याच्या पद्धती ढीगभर. शिकाऊ माणसाने एक निवडावी आणि तिलाच धरून राहावं, असं सगळे सांगतात. सिस्टरांनी निवडायला दोन महिने लावले. मुलीसाठी स्थळं पाहावीत तसं चाललं होतं.

पहिल्या पद्धतीत फक्त एक्के आणि पंजे मोजायचे होते. "आणि बाकीचे पत्ते काय अनाथ आहेत?" नापास.

दुसरीचं नाव ओमेगा. त्यात चौकी, पंजी, छक्की यांना प्रत्येकी दोन गुण. "एक पत्ता दोन कसा होईल? मॉप म्हणजे मॉप. मोठा असला म्हणून दोन लिहायचे?" नापास.

तिसरी नॉक-आउट. शिकाऊ लोकांना सगळ्यात सोपी, म्हणून मीच तिची वकिली केली. सत्तीपर्यंत अधिक एक, दश्शीपासून एक्क्यापर्यंत वजा एक, भागाकाराची कटकट नाही. सिस्टरांनी अख्खा कॅट उलटवून बघितला. बावन्न पत्ते संपले तेव्हा चार शिल्लक.

"चार कसे उरले?"

"सिस्टर, तशीच पद्धत आहे ती. शेवटी चारच येतात."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे पोटात चार मॉप ठेवून टाके घालायचे? कुणी शोधली ही पद्धत? त्याला ड्यूटीवरून काढायला पाहिजे."

राहिली हाय-लो. दुरीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, दश्शीपासून एक्क्यापर्यंत वजा एक, मधले तीन शून्य. कॅट संपला की हिशेब बरोब्बर शून्य. वर पेटीत किती कॅट उरले त्याने भागायचं. लोक इथेच अडकतात म्हणे. सिस्टर नाही अडकल्या. "सलाईन किती उरलंय ते मला वॉर्डच्या दारातून कळायचं. हे काय मोठं!" ठरली हाय-लो.

मग सराव. टीव्ही मोठ्याने, कुकरच्या शिट्ट्या, वर मी पत्ते वाटायचे. त्याने भागेना. "मला शिव्या घाल. थिएटरमध्ये घालायचे."

"अहो... मूर्ख बाई," मी म्हटलं.

"आरती म्हणतेस का? जोरात!"

मी जोरात म्हटलं, तेव्हा शिंद्यांनी येऊन आमचं भांडण सोडवायचा प्रयत्न केला. एकच खोट राहिली. मोजताना सिस्टरांचे ओठ हलायचे, आणि मोजणारा ओळखू आला की कसिनोवाले त्याला उठवतात. त्यावर इलाज म्हणजे तोंडात आवळासुपारी. जबडा हलत राहिला की ओठ कुणाला दिसणार!

जानेवारीत आम्ही दोघी गोव्याला गेलो. मांडवीत उभ्या असलेल्या एका जहाजावर भर दुपारी चढलो. आतमध्ये ना दुपार ना संध्याकाळ, नुसते दिवे आणि घंट्या. मी पर्स छातीशी धरली. सिस्टर मात्र कडक इस्त्रीच्या साडीत थिएटरमध्ये शिरल्यासारख्या शिरल्या आणि एका टेबलाशी बसल्या. मी मागे उभी.

पलीकडच्या खुर्चीत पंचविशीचा एक मुलगा होता. मागे त्याची बायको, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. दोघं हळू आवाजात मराठीत बोलत होती. मुलगा हरत होता आणि हरणारा माणूस घाई करतो तशी घाई करत होता.

पाऊण तास सिस्टरांनी छोटे छोटे डाव लावले. जबडा शांतपणे हलत होता. काळ्या सुटातला कसिनोचा एक माणूस दोनदा आमच्या मागून गेला. तिसऱ्यांदा थांबला. मला पत्ते मोजता येत नाहीत, पण सहा महिने वाटून एवढं कळत होतं की राजे, राण्या आणि एक्के भराभर निघून चाललेत. पेटीत आता चिल्लर उरली होती. अशा वेळी एकच करायचं, कमीत कमी लावायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवायचं, हा तर सिस्टरांनी सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला नियम.

त्या मुलाने उरलेले सगळे टोकन एकदम पुढे सरकवले.

"अहो, नको ना," बायको म्हणाली.

"गप गं. एकदाच."

सिस्टरांचा जबडा थांबला. मी मागून त्यांचा खांदा दाबला. सुटातला माणूस चार हातांवर होता. डीलर मुलीचा हात पेटीकडे गेला.

"थांब," सिस्टर म्हणाल्या.

मुलगा दचकला. "काय?"

"आता नको लावूस, बाळा. मोठे पत्ते संपलेत. वजा बारा आहे."

डीलरचा हात पेटीवर तसाच. मुलाने सिस्टरांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि रागाने टोकन मागे ओढले. पत्ते वाटले गेले. त्याची जागा रिकामी, म्हणून पहिला पत्ता सिस्टरांना आला. एक्का. दुसरा आला बदामचा राजा. बरोब्बर एकवीस, आणि सिस्टरांनी लावलं होतं सगळ्यात लहान टोकन.

"तो एक्का माझा होता," मुलगा पुटपुटला.

वजा बारा म्हणजे एक्का येणारच नाही असं नव्हे, येण्याची शक्यता कमी, एवढंच. पण हे त्या वेळी त्याला कोण समजावणार? तेवढ्यात सुटातला माणूस वाकला. "मॅडम, आप काउंट कर रही हैं?"

नाही म्हणा, नाही म्हणा, मी मनात घोकत होते.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "हाय-लो."

माणूस सभ्य होता. गुन्हा नाही म्हणाला, पण हमारे यहाँ नहीं चलेगा. आम्हाला लिंबूसरबत पाजलं आणि किनाऱ्याला जाणाऱ्या बोटीत बसवलं. त्याच बोटीत ते जोडपंही होतं. धक्क्यावर उतरल्या उतरल्या मुलगा सिस्टरांसमोर उभा राहिला.

"काकू, मी जिंकलो असतो. तुमच्यामुळे वाट लागली माझी."

मला वाटलं, आता सिस्टर त्याला शक्यता म्हणजे काय ते ऐकवणार. त्या म्हणाल्या, "कदाचित जिंकला असतास. चुकलं माझं."

तो निघाला. बायको दोन पावलं मागे राहिली, घाईघाईत वाकून सिस्टरांच्या पाया पडली आणि त्याच्या मागे पळाली.

आम्ही नदीकडे तोंड करून कठड्यावर बसलो. माझा राग आता वर आला. "सहा महिने माझ्याकडून पत्ते वाटून घेतलेत, सिस्टर. एक नियम होता. गप्प का नाही बसलात?"

"एकदा बसले होते," त्या म्हणाल्या.

मग सांगायला लागल्या. सिझेरियन होतं. मुलगी झाली होती. शेवटी मोजलं तर एक मॉप कमी. सर्जनना पुढच्या केसची घाई. तूच आधी चुकीचं मोजलं असशील, म्हणाले. सिस्टर तेव्हा नव्या होत्या. गप्प बसल्या. रजिस्टरमध्ये 'बरोबर' लिहिलं. अकराव्या दिवशी ती बाई तापाने फणफणत परत आली.

"दुसऱ्या ऑपरेशनलाही मीच होते. तो मॉप माझ्याच हातात आला."

"वाचली?"

"वाचली. पुन्हा मूल होणार नव्हतं तिला. बोलण्याजोगी झाली, तशी मी तिच्या खाटेशी गेले. सांगितलं. मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले, असं."

"मग? काय म्हणाली ती?"

"काहीच नाही. कुशीतली पोर उचलली, माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडली." सिस्टरांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "ती का दिली, मला अजून कळलेलं नाही. माझी ड्यूटी दोनला संपली. दिवेलागण झाली तरी मी त्या पोरीला घेऊन तिथेच बसले होते. उठवेचना गं."