रत्नमालाबाईंच्या लॅपटॉपची मुक्ती

स्वातंत्र्य ही अशी वस्तू आहे, की ज्याला ती द्यायची त्यालाच विचारत बसलं तर कधीच देऊन होत नाही. म्हणून थोर मुक्तिदाते सहसा विचारत नाहीत. हर्सूलचे प्राध्यापक सुदर्शन काकडे याच परंपरेतले.

लॅपटॉप त्यांच्या पत्नीचा होता. रत्नमाला ग्रंथालयशास्त्र शिकत असताना तिच्या भावानं, इंद्रजीतनं, तो घेऊन दिलेला. आता तो जुना झाला होता. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात कुकर लावून यावा. पण चालायचा. रत्नमाला एका लग्नासाठी कन्नडला गेली आणि सुदर्शनरावांनी संधी साधली. आतली विकतची प्रणाली उपटून त्यांनी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवली. ती फुकट मिळते. (फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. सुदर्शनराव तो समजावून सांगतात. ऐकणाऱ्यानं जेवून यावं.)

भागूबाई, म्हणजे त्यांच्या मातोश्री, शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

“काय करायलास रं?”

“आई, लॅपटॉप स्वतंत्र करतोय.”

“आधी चालत नव्हता व्हय?”

“चालत होता. पण गुलाम होता.”

“आन् रत्नमालाला इचारलंस का?”

सुदर्शनरावांना आईची कीव आली. क्रांतीत असले घरगुती प्रश्न येत नाहीत.

लॅपटॉप पळू लागला, हे मान्य करायला हवं. पंख्याची घरघर थांबली. प्रिंटरनं मात्र ओळख दाखवायचं सोडलं. सुदर्शनरावांनी प्रिंटरला प्रतिगामी ठरवलं आणि माळ्यावर टाकलं. रत्नमालाचे जुने फोटो गेले. “मोह कमी झाला,” कन्नडहून परतलेल्या तिला ते म्हणाले. तिच्या गप्प बसण्याची नोंद त्यांनी ‘वापरकर्ता समाधानी’ अशी घेतली.

मुक्त प्रणालीत कुणालाही आतलं सगळं पाहण्याचा, बदलण्याचा, वाटून टाकण्याचा हक्क असतो. हा हक्क वापरायला पासवर्ड लागतो. तो सुदर्शनरावांनी स्वतःकडे ठेवला. “तू काहीतरी बिघडवशील,” त्यांनी प्रेमानं सांगितलं. तिच्या खात्याला त्यांनी ‘पाहुणे’ असं नाव दिलं होतं. लॅपटॉप तिचाच होता, पण पाहुणचारात कसूर नव्हती.

पुढं त्यांनी मुक्त संगणक विचार मंच काढला. मंचाला अध्यक्ष एक आणि उपाध्यक्ष सहा होते. साधा सभासद मिळत नव्हता, कारण मिळाला की त्याला उपाध्यक्ष करावं लागे. मंचातर्फे गावोगावी व्याख्यानं होत आणि शेवटी श्रोत्यांना मुक्त प्रणाली भरलेले पेनड्राइव्ह वाटले जात. जुन्या लॅपटॉपला तो लावला, की पासवर्डबिसवर्ड न विचारता प्रणाली थेट पेनड्राइव्हवरूनच सुरू होते. आवडली तर मग कायमची बसवावी. हे प्रात्यक्षिक सुदर्शनराव इतक्या भक्तिभावानं करत, की गंगापूरला एकानं चप्पल काढून तो पेनड्राइव्ह घेतला.

त्याच गंगापूरला, ‘नागरिकाचं डिजिटल स्वातंत्र्य’ या व्याख्यानाच्या ऐन रंगात, त्यांचा फोन वाजला. रत्नमाला होती. लग्नानंतर सोडलेल्या कामाकडे ती परत निघाली होती. एका महाविद्यालयातल्या ग्रंथपालाच्या जागेची ऑनलाइन मुलाखत त्याच दुपारी होती. हे तिनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं, म्हणजे मान हलवली होती.

“अहो, मुलाखतीचं अ‍ॅप टाकायचंय. पासवर्ड मागतंय.”

“पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो. सुरक्षेचा पहिला नियम.”

“मग काय करू? थोड्या वेळात बोलावतील मला.”

“मी संध्याकाळी येतो, टाकून देतो.”

“संध्याकाळी मुलाखत नाही.”

“रत्नमाला, शेसव्वाशे लोक बसलेत इथं. मी त्यांना स्वातंत्र्याबद्दल सांगतोय,” असं म्हणून त्यांनी फोन बंद केला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तो व्याख्यानाचाच भाग आहे.

एसटीतून परतताना सुदर्शनरावांनी सांत्वनाची वाक्यं जुळवली. संधी येतात-जातात. घराला तुझी गरज आहे. पुढच्या वेळी आधी सांग. वाक्यं चांगली होती. वाया जातील असं वाटत नव्हतं.

घरी भागूबाई दारातच भेटल्या. “पेढा खा,” त्या म्हणाल्या. “लई झ्याक बोलली पोरगी. दारामागून ऐकलं म्या समदं. तितंच सांगितलं तिला, निवड झाली म्हणून.”

“पण कशावर बोलली?”

“लॅपटॉपवर. तुझ्या खोक्यातली ती पेनशिल लावली न्हवं का.”

सुदर्शनराव धावत आत गेले. रत्नमाला शांत बसली होती. पेनड्राइव्ह लावून तिनं मुलाखत दिली होती, त्यांच्या फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर नीट काढून ठेवल्या होत्या आणि मग प्रणाली नव्यानं बसवली होती. एकही फाइल हरवली नव्हती. ओरडायला काही कारणच तिनं शिल्लक ठेवलं नव्हतं, याचा त्यांना फार राग आला.

लॅपटॉपवर त्यांच्यासाठी वेगळं खातं होतं. नाव होतं ‘काकडे सर’. मान राखलेला होता.

“मंचाच्या प्रात्यक्षिकासाठी एक अ‍ॅप लागेल मला,” ते घसा खाकरून म्हणाले. “पासवर्ड काय ठेवलास?”

“लागेल तेव्हा सांगत जा,” रत्नमाला म्हणाली. “मी टाकून देत जाईन.”

सुदर्शनराव हल्ली खिन्न असतात. घरात हुकूमशाही आल्याचं ते उपाध्यक्षांना सांगतात. सहाही उपाध्यक्ष हळहळतात आणि घरी जाऊन आपापले पासवर्ड बदलतात.

अशा माणसाला हसणं सोपं आहे, आणि आमचे वाचक सुजाण असल्यामुळं ते मोकळेपणानं हसलेही असतील. हसून झालं असेल तर एवढंच पाहावं: आपल्या मोबाइलचं कुलूप बायकोला उघडता येतं का? आणि बायकोच्या मोबाइलचं आपल्याला? दोन्ही उत्तरं सारखी आली, तर आपण खरोखर मुक्त विचारांचे आहात. वेगळी आली, तर मंचात सातव्या उपाध्यक्षाची जागा रिकामी आहे.