शंभर की दोनशे?

"यंदा एकच गोळी! दुसरी लागायचीच नाही!" लोरेन्सने मक्याच्या लापशीत चमचा आपटून जाहीर केलं.

शनिवारी त्याच्या लेकीचं, आनेल्डाचं लग्न होतं आणि पंगतीला कुडूचं मांस वाढीन, असा शब्द त्याने व्याह्यांना देऊन टाकला होता. कुडू म्हणजे घोड्याएवढं, पिळाच्या शिंगांचं हरीण. तीन हिवाळ्यांत लोरेन्सला एकही मिळालं नव्हतं. बंदूक हातात आली की गडी तंद्रीत जायचा! दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर हिवाळ्याचं ऊन असं मऊ पसरतं, की लांबचे डोंगर जमिनीपासून बोटभर सुटून तरंगायला लागतात. तो डोंगर बघत बसायचा आणि हरणं त्याला बघून निघून जायची.

यंदा बंदुकीवर नवी दुर्बीण होती. नेम किती अंतरावर पक्का करायचा, तेवढंच ठरायचं होतं.

"दोनशे मीटर," लोरेन्स म्हणाला. "माळ उघडा आहे."

"शंभर!" मेहुणा वेसेल म्हणाला. "दाजी, कुडू झुडपात असतो. तो काय माळावर फोटो काढून घ्यायला येणार आहे?"

आधी शंभरवर निशाण म्हणून पुठ्ठा लावला. सहा गोळ्यांत नेम बसला. पण लोरेन्सला चैन पडेना. दुर्बिणीची चकती फिरवून दोनशेवर बसवला. वेसेलने नाक मुरडलं. पुन्हा शंभर. मग तडजोड म्हणून दीडशे!

"अहो, उभं कुठे राहायचं ते त्या हरणाला तरी विचारलंत का?" लोरेन्सची बायको हेस्त्री व्हरांड्यातून ओरडली. नवऱ्यापेक्षा तिला भावाचाच जास्त राग आला होता.

दुपारी डबीत एकच गोळी उरली. आणि नेमका तेव्हाच टाकीपुढच्या हौदावर कुडू आला! भलाथोरला नर! पाणी पिऊन त्याने मान वर केली. हनुवटीवरून थेंब ओघळले, उन्हात एकेक चमकला. लोरेन्सने बंदूक खांद्याला लावली. सगळा माळ त्याला झोपेत दिसावा तसा दिसू लागला.

"दाजी! मारा!"

"किती अंतर असेल रे?" लोरेन्स स्वप्नातूनच पुटपुटला.

"एकशे ऐंशी तरी!"

"छे, तीनशे! बघ ना, किती लांब, किती शांत…"

"मग वर धरा!"

त्याने पाठीच्या हातभर वर धरलं. धाड! कुडू हवेत विरल्यासारखा नाहीसा झाला आणि मागच्या पत्र्याच्या टाकीतून पाण्याची रुपेरी चिळकांडी उडाली.

हेस्त्री लोरेन्सपासून पावलं मोजत तरातरा टाकीपाशी गेली. भोकात बोट घालून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "पंचेचाळीस पावलं! मोजून पंचेचाळीस! झाडू फेकला असता तरी लागला असता!"

शनिवारी पंगतीत कोंबडी होती. व्याह्यांनी तंगडी उचलली, निरखून पाहिली आणि अगदी आदराने विचारलं,

"ही किती मीटरवरून मारलीत?"