न्हाणीघराचा वेढा

सूनबाईंना दुपारी बाराच्या आत संपादकबाईंकडे प्रकरण पाठवायचं होतं, नाहीतर कादंबरी पुढच्या वर्षावर जाणार होती. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक. पण लढाई खरी वाटावी म्हणून गेली दोन वर्षं त्या जुन्या युद्धांचे ग्रंथ वाचत होत्या. घोड्याला दिवसाला चारा किती लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. तरी संपादकबाईंनी लिहिलंच, 'गडावर चाळीस माणसं, वेढा सहा हजारांचा, आणि जिंकतो गड? पटत नाही.'

घरात आतून कडी लावता येईल आणि कुणी हाक मारणार नाही अशी एकच जागा, न्हाणीघर. सकाळी नऊला त्या ग्रंथ आणि वही घेऊन आत शिरल्या आणि बादली पालथी घालून बसल्या. तासाभराने चहासाठी उठल्या, तर कडी जाम.

बाहेर एकच धावपळ उडाली. नवऱ्याने खांदा लावून दार ढकललं. दार बाहेर उघडणारं. ते आणखी घट्ट बसलं आणि खांदा तेवढा धरला. सुतार म्हणाला, दोनला येतो. नणंदेने केसांना रंग लावलेला, तो अर्ध्या तासात धुवायचा होता. सासऱ्यांनी पहाटे घेतलेलं पोटाचं औषध आत्ताच कामाला लागलं होतं, आणि घरातला एकुलता संडास न्हाणीघरातच. शेजाऱ्यांकडे जावं, तर त्यांचं घर कुलूपबंद.

आत मात्र नळाला पाणी होतं, झरोक्यातून वारा होता. सूनबाई कान देऊन ऐकत राहिल्या. बाहेर आधी सल्ले झाले, मग एकमेकांवर खापर, मग बहीणभावाचं कडाक्याचं भांडण. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेढ्यात आतल्यांच्या आधी बाहेरचेच टेकीला येतात. त्यांच्यात फूट पडते, त्यांचीच पोटं बिघडतात. ग्रंथात हे पानोपानी होतं, पण कळलं आज. अकरापर्यंत प्रकरण सरसर उतरलं.

मग त्यांनी कडीला साबण चोळला. कडी निमूट सरकली. सूनबाईंनी ती अलगद परत लावली.

"काही जमतंय का गं?" सासऱ्यांचा आवाज पार हळवा झाला होता.

"जमेल, बाबा. पण आधी थोडं बोलायचंय."

रोज दहा ते बारा पुढची खोली त्यांची. टेबलावर कपड्यांच्या घड्या नकोत, हाका नकोत, आणि चहा दुसऱ्यांनी करायचा.

"हे म्हणजे नाक दाबून तोंड उघडणं झालं," नवरा पुटपुटला.

"तू गप्प बस," सासरे म्हणाले. "कबूल. सगळं कबूल."

कपाळावर रंगाचे ओघळ घेऊन नणंदेने तह लिहिला आणि तिघांच्या सह्यांनिशी दाराखालून सरकवला. कडी उघडली, सासरे वाऱ्यासारखे आत गेले. बाराला पाच कमी असताना वहीच्या पानांचे फोटो रवाना झाले.

नवऱ्याने केलेला चहा संपायच्या आत उत्तर आलं. सूनबाईंनी ते मोठ्याने वाचलं, "आता शंभर टक्के पटतं. कादंबरी याच वर्षी. फक्त तुमची किल्लेदारीण तहात फारच थोडं मागते. जरा वाढवा."

त्या वही घेऊन उठल्या मात्र, तिघंही न्हाणीघराच्या दारात आडवे उभे राहिले.

"इथेच बस गं," सासरे म्हणाले. "सांग, आणखी काय हवंय?"